शेरीफ, देसाई आणि रुमालातले कागद

शेरीफ म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक इंग्रजी सिनेमातला, छातीवर पत्र्याचा तारा लावलेला घोडेस्वार. दुसरा मुंबईचा शेरीफ, ज्याला मराठीत नगरपाल म्हणतात आणि ज्याच्याकडे मानापलीकडे फारसं काही उरलेलं नाही. स्कॉटलंडचा शेरीफ या दोघांपैकी कुणीच नाही. तो न्यायाधीश आहे. चोरी-मारामारीपासून घरमालक-भाडेकरूच्या भांडणापर्यंत तिथल्या माणसाचा कोर्टाशी संबंध येतो तो बहुतेक वेळा शेरीफच्याच कोर्टात.

पण हा हुद्दा मुळात न्यायाधीशाचा नव्हता. तो काय होता हे खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी पट्ट्यातल्या माणसाला एका शब्दात सांगता येतं: देसाई. आडनावाचा नव्हे, हुद्द्याचा देसाई.

आपल्या सीमाभागात हा हुद्दा तीन-चार नावांनी नांदला. घाटावर देशमुख, इकडे देसाई, कानडी मुलखात नाडगौडा. त्याच्या जोडीला हिशेब राखणारा देशपांडे किंवा नाडकर्णी. हे परगण्याचे वतनदार. त्यांच्या खाली गावाला पाटील म्हणजेच गौडा, आणि कुलकर्णी म्हणजेच शानभोग. देसाईच्या वतनाला इकडे देसगत म्हणतात. पडीक जमीन लागवडीला आणणं, गावोगावची जमाबंदी ठरताना मध्ये उभं राहणं, वसुलाची हमी घेणं, चोरीचा माग काढणं, वेळ पडली तर माणसं घेऊन लढाईला जाणं आणि वतनाच्या भांडणात गोतसभेला, म्हणजे वतनदार-गावकऱ्यांच्या न्यायसभेला, बसणं, ही त्याची कामं. मोबदला दोन वाटांनी यायचा: रोख हक्क आणि इनाम जमीन. एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात देशमुखाचा वाटा वसुलावर साधारण शेकडा पाच आणि जमिनीतही तेवढाच धरला आहे, देशपांड्याचा त्याच्या निम्मा.

आता स्कॉटलंडकडे वळू. बाराव्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाच्या काळात (११२४ ते ११५३) तिथे शेरीफांची घडी बसली. राजाचा किल्ला सांभाळायचा, राजाचा वसूल जमा करायचा, मुलखातली माणसं युद्धाला काढायची आणि राजाच्या नावाने कोर्ट भरवायचं. यादी ओळखीची वाटते ना? पुढे काय झालं तेही ओळखीचंच. राजाला माणसं बांधून ठेवायची असतात, हातात रोकड नसते, मग हुद्दाच वंशपरंपरेने देऊन टाकायचा. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातल्या विगटनची शेरीफी १४५१मध्ये लॉख्नॉच्या ॲग्न्यू घराण्याला अशीच मिळाली आणि मध्ये काही खंड सोडला तर १७४७पर्यंत त्यांच्याकडे राहिली. जवळजवळ तीनशे वर्षं. देसगतीच्या सनदेत ‘पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने’ असं लिहितात त्याचाच हा मासला.

वंशपरंपरेने दुखणीही तीच आली. बाप कायदा जाणणारा असला म्हणून मुलगा असेलच असं नाही, मग हाताखाली गुमास्ता ठेवायचा आणि त्याने वाटेल तसं कोर्ट चालवायचं. आपल्याच कुळाचा दावा आपल्याच पुढे. दंड कुणाच्या खिशात जातो यावर निकाल कलणार. दंड गोळा करणारा सरकारी खजिन्याचा माणूस म्हणून ‘प्रोक्युरेटर फिस्कल’ हे पद निघालं, फिस्क म्हणजे खजिना. आज तोच स्कॉटलंडचा सरकारी वकील आहे, पण नावात अजून खजिनाच बसलेला. आपल्याकडे दावा जिंकणाऱ्याने हरकी द्यायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दोघांच्याही गाठीचं जायचं. न्याय फुकट मिळतो ही कल्पना तिथेही नवी आणि इथेही.

शेरीफच्या जुन्या कामांतलं एक मात्र निवांत बघण्यासारखं आहे, कारण ते शेतकऱ्याला लगेच कळतं. त्याला फीअर्स म्हणत. पाद्र्यांचं मानधन आणि जमिनीचे कित्येक खंड धान्यात ठरलेले असायचे, पण प्रत्यक्षात देणं रोखीत. मग धान्याचा भाव कुणी ठरवायचा? शेरीफने. १७२३मध्ये त्याची रीत बांधून दिली गेली. दरवर्षी ४ ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान शेरीफने पंधरा जणांची ज्युरी बोलवायची. त्यांतले निदान आठ जमीनमालक हवेत. धान्याचे व्यापारी आणि शेतकरी साक्षीला येऊन, मागच्या १ नोव्हेंबरपासून माल कसा विकला, कसा घेतला ते शपथेवर सांगणार. गहू, बार्ली, ओट यांचा भाव प्रतीनुसार ठरणार आणि १ मार्चच्या आत निकाल लागणार. त्या मुलखातलं धान्यातलं सगळं देणंघेणं त्या वर्षी त्याच भावाने फिटणार.

यात मेख कुठे आहे ते बघा. पाद्र्याचं मानधन जमीनमालकांनी द्यायचं. भाव चढला तर मालकाला जास्त मोजावं लागणार. आणि पंधरांत आठ मालक. आठ म्हणजे बहुमत! शिवाय मापांचा घोळ वेगळाच. बोल नावाचं धान्याचं माप एका मुलखात एक, शेजारच्या मुलखात दुसरं. पेठेपेठेला पायली आणि शेर बदलायचे, तोच प्रकार. १८२६मध्ये एकसारखी सरकारी मापं लागू झाली तेव्हा हा घोळ कागदावर मिटला. फीअर्सची गरज मात्र १९२५मध्ये पाद्र्यांच्या मानधनाचा कायदा बदलला तेव्हा संपली. जमाबंदीला बसलेल्या देसाईला यातलं काहीच परकं वाटलं नसतं. बाजारनिरख कुणाच्या तोंडून यायचा यावर गावाचं वर्ष ठरायचं.

दोन्हीकडचे रस्ते फुटले ते हुद्दा काढून घ्यायच्या वेळी.

१७०७मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड एक झाले तेव्हा करारातच लिहिलं होतं की वंशपरंपरेचे हुद्दे ही मालमत्ता आहे आणि ती शाबूत राहील. १६ एप्रिल १७४६ला कलोडनच्या मैदानावर जॅकोबाइटांचं, म्हणजे गादी गेलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या पक्षाचं, बंड मोडलं आणि लंडनच्या सरकारने ठरवलं की सरदारांच्या हातातली कोर्टं काढायचीच. पण मालमत्ता म्हटल्यावर नुकसानभरपाई आली. १७४७मध्ये कायदा झाला, २५ मार्च १७४८पासून तो लागू झाला. दावेदारांनी मागितले पाच लाख ८० हजार पौंडांहून जास्त, पदरात पडले सुमारे एक लाख ५२ हजार. अर्गाइलच्या ड्यूकला सगळे हुद्दे मिळून २१ हजार. विगटनच्या सर अँड्र्यू ॲग्न्यूला चार हजार.

या ॲग्न्यूची गंमत अशी की तो बंडखोर नव्हता. उलट १७४६च्या वसंतात ब्लेअरच्या गढीत सरकारच्या बाजूने वेढ्याला तोंड देत तोच बसला होता. तरी हुद्दा गेलाच. कायद्याने निष्ठा बघितली नाही, हुद्दा बघितला. इथे कित्तूर आठवल्याशिवाय राहत नाही. १८१८मध्ये टॉमस मन्रो, हाही ग्लासगोचाच, बेळगावच्या किल्ल्याला वेढा घालून बसला तेव्हा कित्तूरच्या देसाईने कंपनीला मदत केली आणि त्याची देसगत कायम झाली. सहाच वर्षांत, १८२४मध्ये, देसाई मूल नसताना वारले, दत्तक नाकारला गेला आणि २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या वेशीत कलेक्टर थॅकरे पडला. डिसेंबरात किल्ला गेला. ॲग्न्यूला निदान चार हजार पौंड मिळाले होते.

ज्या देसाया खालसा झाल्या नाहीत त्यांच्याबाबत इंग्रजांनी स्कॉटलंडच्या अगदी उलट क्रम लावला. तिकडे हुद्दा ठेवला, घराणं काढलं. इकडे घराणं ठेवलं, काम काढलं. कलेक्टर, मामलतदार आणि सर्व्हे खातं आल्यावर परगण्याच्या वतनदाराला करायला काही उरलं नव्हतं. दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी १८४३लाच सुरू झाली, १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला धार आली. मग १८६०च्या दशकात गॉर्डनची तडजोड: चाकरी माफ, वतन चालू, बदल्यात जमिनीवर जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, भरायची. १८७४च्या वतन कायद्याने जे उरलं ते नीट बांधून ठेवलं. म्हणजे चाकरी नाही आणि हक्क आहे, असा हुद्दा जवळजवळ ९० वर्षं चालला. १ मे १९५१ला मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द केली तेव्हा रद्द करायला फक्त जमीन आणि रोख हक्कच शिल्लक होते. आडनाव कुणाला रद्द करता येत नाही.

तिकडे १७४८नंतर शेरीफ-डेप्युट नेमला जाऊ लागला तो पगारी, निदान तीन वर्षं वकिली केलेला. पगारी झाला तरी माणूसच. एडिंबरात राहून काम उरकायचं आणि मुलखात पाय ठेवायचा नाही ही खोड लागली. कायद्याचं बंधन होतं, वर्षातून चार महिने आपल्या मुलखात राहायचं. सर वॉल्टर स्कॉट १७९९पासून १८३२मध्ये मरेपर्यंत सेल्कर्कचा शेरीफ होता, वर्षाला ३०० पौंडांवर. मुलखाच्या लॉर्ड लेफ्टनंटने, म्हणजे राजाच्या प्रतिनिधीने, त्याला या चार महिन्यांची आठवण करून दिली, तेव्हा कुठे १८०४मध्ये त्याने ॲशस्टीलला घर भाड्याने घेतलं. नेमणुकीच्या गावी न राहणाऱ्या साहेबाची तक्रार आपल्याकडच्या तलाठ्यापुरतीच आहे असं कुणी समजू नये. सेल्कर्कच्या पेठेत तो बसायचा ती कचेरी आता संग्रहालय आहे.

रोजचं काम बघायला शेरीफ-सबस्टिट्यूट असायचा. १९७१च्या कायद्याने त्यालाच शेरीफ म्हणायला सुरुवात झाली आणि वरचा झाला शेरीफ प्रिन्सिपल. १९७५पासून सगळ्या स्कॉटलंडचे सहा शेरीफ-विभाग आहेत. ज्युरीसह चाललेल्या खटल्यात शेरीफ पाच वर्षांपर्यंत कैद देऊ शकतो. सप्टेंबर २०१५पासून एक लाख पौंडांपर्यंतचा पैशाचा दावा शेरीफ कोर्टातच लावावा लागतो, आधी ही मर्यादा अवघी पाच हजार होती. त्याच सुमाराला डॉर्नॉख, डन्स, पीबल्स, कर्ककुब्री अशी दहा छोटी कोर्टं बंद झाली. काम वाढवायचं आणि कोर्टं कमी करायची, हे गणित आम्हाला तरी पटलेलं नाही.

आता रुमालाकडे. सीमाभागातल्या कितीतरी घरांत लाल फडक्यात बांधलेलं दप्तर माळ्यावर असतं आणि जमिनीचा वाद निघाला की खाली येतं. त्यात हात घालण्याआधी थोडं.

कागद सपाट करायला वाफ देऊ नका, ओल्या फडक्याने पुसू नका. आपली जुनी शाई काजळाची. ती उन्हाने फिकी पडत नाही, पण पाणी लागलं की फुटते. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करणं तर नकोच, ते पुन्हा सुटत नाही. घडीवरच्या रेषेत अक्षरं गेलेली असतात, म्हणून कागद दिवसाच्या तिरप्या उजेडात ठेवून फोटो काढावा, दोन बाजूंनी दोन. पाठ कोरी दिसली तरी तिचाही काढावा. शेरे, जोडावरचे शिक्के बऱ्याचदा मागेच असतात.

मग साल लावायचं. इथे जाणते लोकही फसतात. मराठी अमदानीतल्या कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत असतो आणि तो एककापासून सुरू होतो, म्हणून शेवटून वाचायला सोपा. ‘खमस अशरीन मयातैन व अलफ’ घ्या. अलफ म्हणजे १०००, मयातैन २००, अशरीन २०, खमस ५. झाले १२२५. त्यात ५९९ मिळवले की १८२४, म्हणजे कित्तूरचं साल. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं. जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवायचे. फसली सन असेल तर ५९०, आणि वर्षाच्या उत्तरार्धाला ५९१. चुका ठरलेल्या: अशर म्हणजे १० आणि अशरीन २०, सबा ७ आणि सबैन ७०, तिसा ९ आणि तिसैन ९०. सगळ्यांत महाग चूक मया आणि मयातैन यांच्यातली, कारण तिथे सरळ शंभर वर्षं इकडची तिकडे होतात. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून शब्द तोडताना शेपूट दुसऱ्या शब्दाला चिकटतं. तारखेआधी ‘छ’ दिसला तर ती चंद्राची, मुसलमानी महिन्याची तारीख. स्कॉटलंडचे जुने कागद वाचणाऱ्यांनाही हा ताप चुकलेला नाही. तिथे १६००पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे १० फेब्रुवारी १५९० लिहिलेला कागद खरा १५९१चा.

रुमालात महजर सापडला तर नशीब. महजर म्हणजे सभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद. वर तारीख आणि ठिकाण, मग हाजिर मजालस म्हणजे कोण कोण बसलं होतं त्याची यादी: सरकारी हुद्देदार, देसाई-देशपांडे, गावोगावचे मोकदम, शेटे-महाजन, बलुतेदार. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या तकरिरी म्हणजे जबान्या, निवाडा मानू असा राजीनामा, जामीन, साक्षी आणि शेवटी निर्णय. खाली सह्यांच्या जागी चित्रं. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी-दौत, चांभाराची रापी, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. ही निशाणी हुद्द्याची असते, माणसाची नव्हे. त्यामुळे नांगर दिसला म्हणून तो आपल्याच पणजोबांचा असं धरून चालू नका, शेजारचं नाव वाचा.

सनदेतली जमीन आजच्या सर्व्हे नंबरला जुळवणं हे खरं चिवट काम. सर्व्हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आला. त्याआधीची शेतं नावांनी आणि चतुःसीमेने ओळखली जायची आणि माप कुरगीत असायचं, म्हणजे एका पेरणीच्या कुरीने दिवसभरात पेरून होईल एवढी जमीन. काळी जमीन असेल तर कुरगी एक, माळ असेल तर दुसरी. कुरगीचे एकर करायचा सरसकट गुणाकार कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. त्याऐवजी पहिल्या सर्व्हेचा आकारबंद आणि वतन रजिस्टर समोर ठेवा. त्यात आकार (म्हणजे ठरलेला पूर्ण सारा), जुडी आणि नुकसान असे रकाने असतात. पूर्ण आकारातून जुडी वजा केली की सरकारने सोडलेली रक्कम म्हणजे नुकसान. ही बेरीज-वजाबाकी जमली की नंबर बरोबर लागला असं समजायला हरकत नाही.

पुढचा टप्पा पुनर्प्रदानाचा. १९५१ला लागू झालेल्या १९५०च्या कायद्याने वतनजमीन सरकारजमा झाली आणि कब्जाहक्काची रक्कम भरली की धारकाला परत मिळायची: चाकरीच्या मोबदल्यात लावलेली असेल तर पूर्ण आकाराच्या बारा पट, नसेल तर सहा पट. पाटील, तळवार, वालीकार वगैरे गावकामगारांची वतनं कर्नाटकात १ फेब्रुवारी १९६३ला गेली, वेगळ्या कायद्याने. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की वतन परगण्याचं होतं की गावचं? दोन्हींची कलमं एकमेकांना लावून अर्ज फेटाळले जातात. दुसरा घोटाळा विक्रीचा. पुनर्प्रदान होण्याआधीच जमीन विकलेली असते, किंवा १९७८च्या दुरुस्तीने घातलेली १५ वर्षांची बंदी संपायच्या आत. खरेदीखत नोंदलेलं असतं, पण उताऱ्यावर नाव चढत नाही. तिसरा घरातला. पुनर्प्रदान थोरल्याच्या नावाने झालं म्हणून जमीन त्याचीच, असं थोरली पाती धरून बसते. कुंदगोळ देसगतीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्येच सांगितलं आहे की वतन गेल्यावर ती एकत्र कुटुंबाची मिळकत आणि वाटणीला पात्र.

कागद कुठे शोधायचे? इनाम कमिशनच्या काळातले आणि त्याआधीचे पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दप्तरात. नंतरचे तालुका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. काही गावांचं १८३०च्या आधीचं मिळत नाही, कारण संगोळी रायण्णाच्या उठावात सरकारी कचेऱ्या आणि दप्तरं जाळली गेली. रायण्णा स्वतः शेतसनदी, जमिनीच्या बदल्यात गावची राखण करणारा. कागद जाणं म्हणजेच जमीन जाणं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. १९५६नंतरचं सगळं कानडीत आहे, त्यामुळे एकाच शेताची साखळी मोडी, बाळबोध, इंग्रजी आणि कानडी अशा चार लिप्यांतून जाते आणि प्रत्येक वळणावर नावाचं एखादं अक्षर बदलतं. ती चारही रूपं एका कागदावर लिहून सोबत ठेवावीत. आणि चंदगडकरांनी कोल्हापूरला खेप घालण्याआधी हे लक्षात घ्यावं की १ नोव्हेंबर १९५६पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं. त्याआधीचा फेरफार हवा असेल तर आधी बेळगावच्या कचेरीत विचारावं.